जकात शून्य, तरी नाका उभा: ब्रिटनच्या युरोपीय संघत्यागाचा प्रकरण अभ्यास

मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मुलुंडला किंवा दहिसरला लागणारी ट्रकची रांग आठवत असेल. त्या रांगेत व्यापाऱ्याचे नुकसान भरलेल्या जकातीपुरते नसे. ट्रक उभा राही, चालकाचा दिवस जाई, कागदात एक आकडा चुकला तर माल अडकून पडे, आणि हे सगळे धरूनच मालाचा भाव ठरत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईतली जकात संपली. त्याच वर्षी, तीन महिने आधी, २९ मार्च २०१७ रोजी ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याची औपचारिक सूचना दिली होती. आपण देशांतर्गत बाजारपेठ जोडण्यासाठी नाके काढत असताना, व्यापारावर मोठा झालेला एक देश चव्वेचाळीस वर्षांच्या सदस्यत्वानंतर असे नाके पुन्हा उभारायला निघाला होता.

हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्यात आयात शुल्क जवळजवळ कुठेच नाही. २४ डिसेंबर २०२० रोजी दोन्ही बाजूंमध्ये ठरलेल्या व्यापार व सहकार्य करारानुसार, मूळ देशाच्या अटी पूर्ण करणाऱ्या, म्हणजे ब्रिटन किंवा युरोपीय संघातच बनलेला मानल्या जाणाऱ्या मालावर शुल्कही नाही आणि कोट्याची मर्यादाही नाही. तरीही ब्रिटनचा व्यापार घटला, हजारो छोट्या कंपन्यांनी निर्यात सोडली आणि अन्नधान्य महागले. शुल्क शून्य असताना हे कसे घडले, याचे उत्तर शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

सार्वमत ते करार

ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायात गेला, आणि १९७५ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी तिथेच राहण्याच्या बाजूने कौल दिला. २३ जून २०१६ रोजी पुन्हा सार्वमत झाले, तेव्हा ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. पुढे मुदती लांबत गेल्या, पंतप्रधान बदलले, आणि अखेर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला. संक्रमणकाळात जुनेच नियम चालू राहिल्यामुळे आर्थिक दृष्टीने खरी फारकत ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री झाली.

इथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. युरोपीय संघात दोन व्यवस्था एकमेकींवर बसलेल्या आहेत. पहिली सीमाशुल्क संघाची: सदस्यांमध्ये आपसात शुल्क नाही आणि बाहेरच्यांसाठी सर्वांचे शुल्क एकच. दुसरी एकल बाजारपेठेची, जी १९९३ पासून पूर्णत्वाने अस्तित्वात आली. तिच्यात मालाचे निकष, औषधांची मान्यता, अन्नसुरक्षेचे नियम आणि व्यावसायिक परवाने एकमेकांना मान्य असतात, त्यामुळे सीमेवर तपासण्यासारखे काही उरतच नाही. ब्रिटनने दोन्ही सोडल्या. २०२० च्या कराराने शुल्काचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला, पण परस्पर मान्यतेचा धागा तुटला तो तुटलाच.

बाहेर पडण्याआधीच सुरू झालेली किंमत

सार्वमताच्या रात्री एका पौंडाला सुमारे १.५० डॉलर मिळत होते. दुसऱ्या दिवशी तो ३० वर्षांतल्या नीचांकाला गेला आणि दिवसअखेर सुमारे ८ टक्क्यांनी घसरलेला होता. पाठ्यपुस्तकानुसार चलन स्वस्त झाले की निर्यात वाढायला हवी. ती अपेक्षेइतकी वाढली नाही, कारण ब्रिटिश कारखान्यात बनणाऱ्या वस्तूचे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर बाहेरूनच येत होते आणि तेही तितकेच महाग झाले होते. शिवाय दोन वर्षांनी युरोपीय बाजारपेठ कोणत्या अटींवर खुली असेल हेच ठाऊक नसताना, नवी यंत्रे लावून उत्पादन वाढवण्याचे धाडस फारसे कोणी केले नाही. ग्राहकाच्या पदरात मात्र महागाई पडली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिचा दर ३.१ टक्क्यांवर पोहोचला.

ब्रिटिश अर्थखात्याने मतदानाआधी इशारा दिला होता की कौल बाहेर पडण्याच्या बाजूने गेला तर लगेच मंदी येईल आणि सुमारे पाच लाख नोकऱ्या जातील. तसे झाले नाही. हा अंदाज चुकला हे मान्य केलेच पाहिजे, कारण त्या चुकीमुळे पुढच्या सगळ्याच आर्थिक इशाऱ्यांवरचा लोकांचा विश्वास उडाला. नुकसान कोसळणाऱ्या दरडीसारखे येईल असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात ते भिंतीत मुरणाऱ्या ओलीसारखे आले: २०१६ नंतर उद्योगांची गुंतवणूक जागच्या जागी थांबली, आणि न झालेल्या गुंतवणुकीची बातमी कधीच होत नाही.

कागदाचा भार

१ जानेवारी २०२१ पासून डोव्हरहून कॅले येथे जाणाऱ्या ट्रकला, म्हणजे जेमतेम ३३ किलोमीटरच्या खाडीपलीकडे माल नेणाऱ्याला, निर्यातीचे घोषणापत्र, पलीकडच्या देशातले आयातीचे घोषणापत्र, मालाच्या मूळ देशाचा दाखला आणि प्राणिजन्य खाद्यपदार्थ असतील तर पशुवैद्यकाच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र लागू लागले. आपल्याकडचा निर्यातदार म्हणेल की यात विशेष काय, आम्ही जन्मभर हेच करत आलो. ते खरेच आहे. पण ब्रिटिश छोट्या व्यापाऱ्याने हे कधी केलेले नव्हते. लीड्समधला व्यापारी लियाँच्या दुकानदाराला जवळजवळ तितक्याच सहजतेने माल पाठवी, जितक्या सहजतेने लातूरचा व्यापारी पुण्याला पाठवतो, आणि त्याच्या नफ्याचे गणित या सहजतेवर बसलेले होते. ब्रिटिश सीमाशुल्क खात्याचाच २०१९ मधला अंदाज असा होता की नव्या घोषणापत्रांचा भार ब्रिटिश व्यवसायांवर वर्षाला सुमारे साडेसात अब्ज पौंडांचा पडेल.

मूळ देशाचा नियम सर्वांत जास्त लोकांना चकवून गेला. समजा, भारतात शिवलेले शर्ट ब्रिटनमधल्या गोदामात आले आणि तिथून आयर्लंडमधल्या दुकानात गेले. पूर्वी एकदा शुल्क भरले की काम संपे. आता ते शर्ट ब्रिटनमध्ये बनलेले नाहीत म्हणून शून्य शुल्काची सवलत त्यांना लागू होत नाही, आणि युरोपीय संघाच्या सीमेवर पुन्हा शुल्क पडते. ब्रिटनला संपूर्ण युरोपचे गोदाम मानून उभारलेली साखळी त्यामुळे निरुपयोगी झाली, आणि अनेक किरकोळ विक्री कंपन्यांनी युरोपीय संघात वेगळी गोदामे उघडली.

जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय संघाकडे जाणारी ब्रिटनची वस्तुनिर्यात आदल्या महिन्याच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कोसळली. त्यात करोनाचा आणि आधी करून ठेवलेल्या साठ्याचाही वाटा होता, आणि पुढच्या महिन्यांत बरीचशी निर्यात सावरली. मात्र सावरलेल्या आकड्याखाली एक मोठी उलथापालथ झाकली गेली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अर्थतज्ज्ञांनी कंपनीनिहाय माहिती तपासली, तेव्हा दिसले की मोठ्या कंपन्यांनी नवी व्यवस्था पचवली होती, पण युरोपला निर्यात करणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के, म्हणजे जवळजवळ १६,४०० कंपन्यांनी ती निर्यात पूर्णपणे थांबवली होती. २०२२ मधली एकूण वस्तुनिर्यात त्यांच्या हिशेबाने सुमारे २७ अब्ज पौंडांनी कमी राहिली. याचे कारण समजायला अवघड नाही. एका प्रमाणपत्राचा खर्च पाचशे खोक्यांवर विभागला तर जाणवत नाही. पाच खोक्यांवर विभागला तर नफा गिळून टाकतो. सीमेवरचा ठोक खर्च हा लहानांवरचा कर असतो, आणि एकूण आकडेवारी तो दाखवत नाही.

आयातीच्या बाजूने ब्रिटनने स्वतःची तपासणी पाच वेळा पुढे ढकलली. युरोपीय खाद्यपदार्थांसाठी आरोग्य प्रमाणपत्राची अट ३१ जानेवारी २०२४ पासून आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ पासून सुरू झाली, म्हणजे ब्रिटिश निर्यातदार तीन वर्षांहून अधिक काळ युरोपीय नाक्यावर तपासला जात असताना युरोपीय निर्यातदाराला ब्रिटनमध्ये जवळपास मोकळे रान होते. ब्रिटिश लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०२४ मध्ये सांगितले की सीमाव्यवस्थेच्या या उभारणीवर सरकारचा खर्च किमान ४.७ अब्ज पौंड होईल. तपासणी लांबवण्यामागचे कारण महागाईची भीती हे होते, आणि ती भीती निराधार नव्हती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्याच दुसऱ्या एका अभ्यासानुसार युरोपशी व्यापारात आलेल्या अडथळ्यांमुळे २०२१ अखेरपर्यंतच्या दोन वर्षांत प्रत्येक ब्रिटिश कुटुंबाचा किराणा सरासरी २१० पौंडांनी महागला. गरीब घरात उत्पन्नाचा मोठा हिस्सा अन्नावर जातो, त्यामुळे हा भार त्यांच्यावर अधिक पडला.

मासळीचा धडा

या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग मासेमारीचा आहे, आणि कोकणकिनाऱ्याशी नाते असलेल्या वाचकाला तो अधिक लवकर कळेल. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत मासेमारीचा वाटा साधारण हजारात एक इतकाच आहे, तरी बाहेर पडण्याच्या प्रचारात ती केंद्रस्थानी होती, कारण आपल्या पाण्यातले मासे परकी नौका नेतात ही किनाऱ्यावरच्या गावांची जुनी वेदना होती. करारात ब्रिटनला युरोपीय नौकांच्या कोट्यापैकी मूल्याने २५ टक्के हिस्सा साडेपाच वर्षांत टप्प्याटप्प्याने परत मिळेल असे ठरले. पाणी हातात आले.

पण मासे पकडणे हा धंद्याचा अर्धाच भाग आहे. ब्रिटनमध्ये पकडला जाणारा बराचसा माल, विशेषतः खेकडे, शेवंड आणि शिंपल्यातले जीव, ब्रिटिश लोक फारसे खात नाहीत. तो फ्रान्स आणि स्पेनच्या बाजारात जातो, आणि तोही जिवंत किंवा अगदी ताजा असेल तरच. स्कॉटलंडचे अनेक छोटे मासळी व्यापारी आपापली थोडी थोडी खोकी एकाच ट्रकमध्ये भरून पाठवत, ज्याला आपल्याकडच्या वाहतूक बाजारात पार्ट लोड म्हणतात. जानेवारी २०२१ मध्ये या ट्रकमधल्या प्रत्येक मालकाच्या प्रत्येक प्रकारच्या मालासाठी वेगळे प्रमाणपत्र लागू लागले, आणि एकाच्या कागदातली चूक सगळ्या ट्रकला अडकवू लागली. लार्कहॉल येथील केंद्रातून होणारी अशी एकत्रित वाहतूक काही दिवस बंदच ठेवावी लागली. त्याच महिन्यात व्यापाऱ्यांनी आपले ट्रक थेट लंडनमधल्या संसदेसमोर आणून उभे केले.

शिंपल्यांचे दुखणे त्याहून खोल होते. ‘ब’ वर्गाच्या, म्हणजे पुरेशा स्वच्छ न मानल्या जाणाऱ्या पाण्यातून काढलेले तिसऱ्या म्हणा किंवा कालवे म्हणा, हे जिवंत जीव खाण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करावे लागतात. ब्रिटन सदस्य असताना हे काम खरेदीदाराच्या देशात, उदाहरणार्थ नेदरलँड्समध्ये, होत असे. संघाबाहेरच्या देशाकडून असा अशुद्धीकृत जिवंत माल घ्यायचा नाही हा युरोपीय नियम आधीपासूनच होता. तो ब्रिटनला उद्देशून केलेला नव्हता. ब्रिटन बाहेरचा देश झाला आणि नियम आपोआप लागू झाला. वेल्समधल्या शिंपले उत्पादकांच्या वर्षानुवर्षांच्या धंद्याची दारे अशी बंद झाली. त्यांचा माल तोच होता, पाणी तेच होते, गिऱ्हाईकही तेच होते.

मला या उदाहरणात संपूर्ण प्रकरण सामावलेले दिसते. व्यापारी गटाचे सदस्यत्व म्हणजे शुल्कमाफी असे आपण सहसा समजतो. खरे तर ते एकमेकांच्या तपासणीवर ठेवलेल्या विश्वासाचे नाव आहे, आणि तो विश्वास दोन्ही बाजूंना एकच कायदा आणि एकच न्यायालय मान्य असते म्हणून टिकतो.

माणसे, बँका आणि उत्तर आयर्लंड

लिंकनशायरमधल्या बॉस्टनने ७५.६ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली होती. त्या परिसरातली भाजीपाल्याची शेती पूर्व युरोपातून आलेल्या मजुरांवर चालत होती. मुक्त संचार संपल्यावर सरकारला हंगामी मजुरांसाठी वेगळा व्हिसा द्यावा लागला. २०१९ मध्ये २,५०० ने सुरू झालेली ही संख्या काही वर्षांत ४५,००० वर गेली, आणि तोडणीला माणसे नेपाळ, इंडोनेशिया, उझबेकिस्तान इथून येऊ लागली. २०२१ च्या शरद ऋतूत ट्रकचालकांची टंचाई इतकी झाली की पेट्रोल पंप कोरडे पडले आणि परदेशी चालकांसाठी ५,००० तात्पुरते व्हिसा जाहीर करावे लागले. त्या टंचाईत करोनाकाळात रखडलेल्या परवाना चाचण्यांचाही हात होता. स्थलांतर घटावे म्हणून दिलेल्या मतानंतर काही वर्षांतच निव्वळ स्थलांतर वर्षाला ९ लाखांच्या पुढे गेले. युरोपीय लोक कमी झाले. भारत आणि नायजेरियासारख्या देशांतून विद्यार्थी, परिचारिका आणि वृद्धसेवेतले कर्मचारी मोठ्या संख्येने आले.

वित्तक्षेत्रात भाकितांइतकी पडझड झाली नाही. लंडनमधल्या परवान्यावर संपूर्ण युरोपात व्यवसाय करण्याची सोय गेली, युरोपीय बँकिंग प्राधिकरण पॅरिसला व औषध नियामक संस्था ॲमस्टरडॅमला गेली, आणि जानेवारी २०२१ मध्ये शेअर व्यवहारांत ॲमस्टरडॅमने लंडनला मागे टाकले. तरी स्थलांतरित नोकऱ्या काही हजारांच्या घरातच राहिल्या, आणि ब्रिटनची सेवानिर्यात एकूण पाहता चांगली वाढत गेली. सल्लागाराच्या अहवालाला आरोग्य प्रमाणपत्र लागत नाही, हे त्यामागचे एक साधे कारण आहे.

उत्तर आयर्लंड हा या प्रकरणातला आपोआप घडलेला प्रयोग ठरला. आयर्लंड बेटाचा हा भाग ब्रिटनमध्ये आहे, उरलेला आयर्लंड युरोपीय संघात. आयर्लंड बेटावर पुन्हा सीमा उभी राहू नये म्हणून त्याला वस्तूंच्या बाबतीत युरोपीय एकल बाजारपेठेतच ठेवले गेले, आणि तपासणीची रेषा आयरिश समुद्रात सरकली. परिणामी बेटावरच्या दोन भागांमधला वस्तुव्यापार लक्षणीय वाढला, तर ब्रिटनमधून बेलफास्टला जाणाऱ्या मालाला आपल्याच देशात कागद भरावे लागले. २७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर चौकटीने, म्हणजे ब्रिटन व युरोपीय संघातल्या नव्या समझोत्याने, तो जाच बराच हलका केला. दुसरीकडे, पूर्वी वेल्स व इंग्लंडमधून ट्रकने युरोपात जाणारा आयर्लंडचा माल आता रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्सच्या बोटीत चढू लागला. व्यापाराची वाट वळली.

नव्या करारांचा हिशेब

बाहेर पडण्याच्या समर्थनार्थ असे सांगितले जाई की मोकळा झालेला ब्रिटन जगाशी स्वतंत्र करार करील. ते त्याने केले, आणि भारतापुरता त्याचा संबंध थेट आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांच्यातील सर्वंकष आर्थिक व व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्यानुसार भारतातून जाणाऱ्या सुमारे ९९ टक्के प्रकारच्या मालावरचे ब्रिटिश शुल्क काढण्याचे, आणि स्कॉच व्हिस्कीवरचे आपले १५० टक्के शुल्क आधी ७५ व दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. युरोपीय संघात राहून ब्रिटनला असा करार एकट्याने करता आला नसता, हे खरे आहे. मात्र ब्रिटिश सरकारच्याच अंदाजानुसार या कराराने त्यांचे सकल उत्पादन दीर्घकाळात ०.१३ टक्क्यांनी वाढेल. ऑस्ट्रेलियाशी केलेल्या कराराचा लाभ ०.०८ टक्के धरला आहे. याउलट युरोपशी झालेल्या फारकतीमुळे दीर्घकालीन उत्पादकता ४ टक्क्यांनी आणि व्यापाराची तीव्रता, म्हणजे उत्पादनाच्या तुलनेत आयात-निर्यातीचे प्रमाण, १५ टक्क्यांनी कमी राहील, हे ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाचे गृहीतक आहे. व्यापार अंतराने क्षीण होतो, आणि कोणताही करार मुंबईला कॅलेइतकी डोव्हरजवळ आणू शकत नाही.

भारतीय बाजूनेही काम वाढलेच. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरणाऱ्या कीटकनाशकांच्या अंशाच्या, युरोपीय मर्यादा पाठ असतात. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्ससाठी या मर्यादा ब्रिटन स्वतंत्रपणे ठरवतो, म्हणजे एकाच बागेतल्या मालासाठी दोन याद्यांवर लक्ष ठेवणे आले. टाटा समूहाकडे २००८ पासून असलेल्या जॅग्वार लँड रोव्हरपुढचा प्रश्न अधिक मोठा आहे. विजेवरच्या गाडीच्या किमतीत बॅटरीचा वाटा मोठा असतो, आणि ती ब्रिटन किंवा युरोपबाहेरून आणली तर मूळ देशाचा निकष पूर्ण न होऊन युरोपात १० टक्के शुल्क लागू शकते. अधिक कडक निकष लागू करणे २०२६ अखेरपर्यंत पुढे ढकलले गेले. जुलै २०२३ मध्ये टाटा समूहाने सॉमरसेटमध्ये ४ अब्ज पौंडांहून अधिक खर्चाचा बॅटरी कारखाना जाहीर केला. त्यामागे सरकारी साहाय्याची बोलणी होती, तसा हा निकषही होता.

मोजमापाची अडचण आणि आजची स्थिती

ब्रिटन बाहेर पडला नसता तर काय झाले असते, हे कोणीच पाहिलेले नाही. त्यामुळे अर्थतज्ज्ञ त्याच्यासारखी वाटचाल असलेल्या इतर देशांच्या मिश्रणातून एक प्रतिरूप ब्रिटन तयार करतात आणि खऱ्याची त्याच्याशी तुलना करतात. निक ब्लूम व सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये अशा पद्धतींनी काढलेला निष्कर्ष असा की २०२५ पर्यंत सकल उत्पादन ६ ते ८ टक्क्यांनी आणि गुंतवणूक १२ ते १८ टक्क्यांनी कमी राहिली. या पद्धतीवर आक्षेप आहेत. करोना आणि युक्रेन युद्धानंतरची ऊर्जा दरवाढ प्रत्येक देशाला वेगळी लागली, आणि प्रतिरूपात अमेरिका किती व जर्मनी किती यावर उत्तर बदलते. होंडाचा स्विंडनचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला, तेव्हा कंपनीने कारण जागतिक फेररचनेचे दिले होते. असा प्रत्येक बंद दरवाजा एकाच खात्यात मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या मते ४ टक्क्यांचा अंदाज सावध आहे आणि ८ टक्क्यांचा अजून सिद्ध व्हायचा आहे. नुकसानीची दिशा मात्र वादातीत आहे.

१९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये दोन्ही बाजूंची शिखर परिषद झाली. अन्न, वनस्पती व प्राणिजन्य मालावरच्या तपासण्या आणि प्रमाणपत्रे बहुतांशी काढून टाकणारा करार करण्याचे तिथे ठरले. युरोपीय नौकांना ब्रिटिश पाण्यात मिळणारा प्रवेश २०२६ मध्ये पुन्हा वाटाघाटीला येणार होता. तो २०३८ पर्यंत कायम राहील हे ब्रिटनने त्याच परिषदेत मान्य केले. खाद्यपदार्थांचे युरोपीय नियम बदलतील तसे ब्रिटन आपलेही बदलत जाईल आणि त्यांच्या अर्थाविषयी शेवटचा शब्द युरोपीय न्यायालयाचा राहील, हेही ठरले. ते नियम ज्या सभागृहांत मतदानाने संमत होतात, तिथे ब्रिटनला १ फेब्रुवारी २०२० पासून मत नाही.